दोनशे चौदाची निळी पिशवी

१

हिकमत हानमची निळी पिशवी गेल्याची बातमी अब्दुल-शकूरला कळली तेव्हा तो वर कोट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा अशा अवतारात स्वतःची पँट शोधत होता.

पँट चोरीला गेली नव्हती. बायकोने भरली होती. ‘लुलिया’ बोटीचा नियमच तसा: शेवटच्या सकाळी घाई नको म्हणून आदल्या दिवशी दुपारी तीनलाच सगळ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या. हमाल त्या खाली नेऊन लॉबीत त्यांचा डोंगर रचत. खोलीत उरायचा तो फक्त दात घासायचा ब्रश, साबण, कंगवा आणि रात्रीचे कपडे. इनायत इतकी नेटकी बाई, की तिने नवऱ्याचा रात्रीचा पायजमा तेवढा मागे ठेवला आणि दिवसाची पँट डोंगरात पाठवून दिली.

“अबू वाएल, एक दिवस पायजम्यात गेलात तर आस्वान काही बुडत नाही,” मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती म्हणाली.

“तीस वर्षं पार्सल खात्यात काढली मी. कोणाची वस्तू कुठे आहे ते मला विचारायला लोक दमियातहून कैरोपर्यंत फोन करायचे. आणि माझी पँट कुठे आहे ते मला माहीत नाही.”

खिडकीचा पडदा बंदच होता. उघडून उपयोग नव्हता. काल चार वाजल्यापासून पलीकडे दुसरी बोट खेटून उभी होती, आणि नाईल बघायच्या आशेने पडदा सारला की हातभर अंतरावर एक अनोळखी गृहस्थ दात घासताना दिसे. काल सूर्य बुडताना अब्दुल-शकूर गुडघे धरून इथेच पडला होता आणि त्या गृहस्थाने तेव्हाही दातच घासले होते.

एवढ्यात शेजारच्या दोनशे चौदातून हंबरडा ऐकू आला. इनायत आधी धावली, मागून पायजमा.

हिकमत हानम न्हाणीघराच्या दारात बसली होती. मन्सूरा शहरातली ही विधवा बाई चार दिवस एकाच टेबलावर जेवायला असल्यामुळे दोघांच्या चांगल्या ओळखीची झाली होती. तिची मुलगी रिहाब तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि वॉशबेसिनखालच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं.

“इथे ठेवली होती मी. जादा ठेवलेल्या कागदी गुंडाळ्यांमागे. निळी पिशवी,” हिकमत म्हणाली. “स्वतःच्या हाताने ठेवली.”

“तेल-पावडरचीच ना हानम? आपण दुकानातून दुसरी आणू,” अब्दुल-शकूर म्हणाला.

इनायतने त्याच्या कोटाची बाही ओढली. पण हिकमत हानमला आता लपवायची ताकद नव्हती.

“पावडरच्या डब्यात रिहाबची शबका आहे,” ती म्हणाली. “साखरपुड्याचं सगळं सोनं. पुढच्या गुरुवारी लग्न आहे हो.”

२

व्यवस्थापक उस्ताझ रिफअत वर आला तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघतच. त्याला सगळ्या गोष्टींची उत्तरं घड्याळात सापडत. आठ वाजता खोल्या रिकाम्या, साडेनऊला स्टेशनकडे बस, दुपारी नवे प्रवासी.

“खोलीत कोण कोण आलं होतं?” त्याने विचारलं.

“मी, माझी मुलगी,” हिकमत म्हणाली, “आणि तुमचा शाझली.”

झालं. एवढंच ऐकायचं होतं त्याला.

शाझली हा या मजल्याचा खोल्या आवरणारा माणूस. पन्नाशीचा, आस्वानजवळच्याच गावचा, एकोणीस वर्षं याच बोटीवर. रोज संध्याकाळी तो टॉवेलांचं एखादं जनावर करून पलंगावर ठेवायचा आणि प्रवाशांचा चष्मा त्याच्या नाकावर चढवायचा. शेवटच्या संध्याकाळी मगर, हे ठरलेलं.

पुढचं अब्दुल-शकूरने पाहिलं आणि पाहिल्याचं त्याला फार वाईट वाटलं. रिफअतने शाझलीची स्वतःची कापडी बॅग मागवली आणि लॉबीत, बॅगांच्या डोंगरासमोर, चहा पीत बसलेल्या चाळीसेक प्रवाशांच्या देखत फरशीवर उलटी केली.

त्यातून साबणाच्या वड्या पडल्या. झिजलेल्या, अर्ध्या, एखादी पुरती कोरी. शाम्पूच्या तळाशी बोटभर उरलेल्या बाटल्या पडल्या. चिमटलेल्या टूथपेस्ट, दात तुटलेला कंगवा, अत्तराची रिकामी पण वास येणारी कुपी. शाझलीच्या दोन सदऱ्यांमध्ये नीट गुंडाळून ठेवलेला लहान मुलाचा टूथब्रश घरंगळत एका बाईच्या बुटाशी जाऊन थांबला.

“हे काय?” रिफअत म्हणाला.

“लोक टाकून जातात ते,” शाझली म्हणाला. “शेवटच्या दिवशी. जाताना म्हणतात, शाझली, हे तुला ठेव. घरी मुली आहेत, नातू आहे.”

“आणि निळी पिशवी कोणी म्हटली, तुला ठेव?”

 शाझलीने खाली वाकून काही उचललं नाही.

“साडेनऊला बस निघेल,” रिफअत म्हणाला. “तोवर पिशवी मिळाली तर ठीक. नाहीतर घाटावरच्या चौकीत तुला मी स्वतः पोचवीन, आणि या बोटीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही.”

तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. अब्दुल-शकूरने पायजम्याची नाडी घट्ट केली.

“उस्ताझ,” तो म्हणाला, “हरवलेल्या वस्तू शोधण्यात माझे केस पांढरे झालेत. मला जरा चार माणसांशी बोलू द्या.”

“तुम्ही काय पोलीस आहात?”

“नाही. पोलिसांची पार्सलं हरवायची, तेव्हा ते माझ्याकडे यायचे.”

३

पहिली चौकशी त्याला आपल्या बायकोचीच करावी लागली. कारण पावडरच्या डब्यात सोनं आहे हे हिकमतने फक्त इनायतला सांगितलं होतं.

“तू काल ती पिशवी पाहिलीस का?”

“दुपारी पाहिली. नखं कापायची कात्री मागायला गेले होते. हानमने त्याच पिशवीतून काढून दिली.”

“मग?”

“मग नखं कापली,” इनायत म्हणाली. “चाळीस वर्षं संसार केला आणि आता नवरा पायजमा घालून मला विचारतोय, सोनं तू घेतलंस का. घेतलं असतं तर तुमच्या पँटच्या खिशात लपवलं असतं. तिथे तुम्हालाही सापडलं नसतं.”

तिच्यापासून पुढे जाण्यात शहाणपण होतं.

रिहाब बोटीच्या जिन्यावर एकटी बसली होती. तिला त्या सोन्याचं काही कौतुक नव्हतं आणि ते तिने लपवलंही नाही. “मी तर म्हणत होते, दोन बांगड्या मोडून फ्रीज घेऊ. आईशी त्यावरून भांडण झालं. पण काका, तिने हे सोनं घरी ठेवलं नाही, बोटीच्या तिजोरीत ठेवलं नाही. काल बाजारातसुद्धा हँडबॅगमध्ये घेऊन फिरली. मी ते कशी घेणार? तिने मला पिशवीला हात लावू दिला असता तर ना.”

“बाजारातून परत कधी आलात?”

“आई आधी आली, एकटीच. तिला मगरिबच्या नमाजाआधी हातपाय धुवायचे होते. मी घाटावर इनायत मावशींबरोबर शेंगदाणे घेत होते. मग मी आईला फोन केला, की मावशी चहाला बोलावतायत. ती आली, आम्ही घाटावर चहा घेतला आणि नंतर गप्पा मारत मावशींच्या मागोमाग बोटीवर आलो. खोलीत मगर होती. माझ्याकडे फोटो आहे.”

तिने फोन दाखवला. पलंगावर टॉवेलांची मगर, नाकावर हिकमत हानमचा वाचायचा चष्मा.

आता शाझली. तो खाली चादरींच्या खोलीत पाठ भिंतीला लावून उभा होता.

“सूर्य बुडत होता तेव्हा तू कुठे होतास?”

“वर गच्चीवर, हाजी. निरोपाचा डफ असतो ना शेवटच्या संध्याकाळी. बोटीवरचा एकूणएक माणूस वर असतो. उस्ताझ रिफअतसुद्धा टाळ्या वाजवत होते. डफ मीच वाजवतो. खाली लॉबीत कुत्रं नव्हतं.”

“आणि दोनशे चौदात कधी गेलास?”

“डफाच्या आधी. मगर केली, दार ओढून घेतलं. मग आज सकाळीच, हानमनी हाक मारली तेव्हा.”

अब्दुल-शकूरला ते पटलं. डफ त्याने स्वतः ऐकला होता. त्याच्या डोक्यावरच वाजत होता आणि त्या ठेक्यावर त्याचा गुडघा ठणकत होता.

शेवटी तो हिकमत हानमकडे गेला. ती रिकाम्या दोनशे चौदात पलंगाच्या कडेला बसली होती.

“हानम, काल तुम्ही खोलीत शिरलात तिथपासून सांगा. काही गाळू नका.”

“दार उघडंच होतं. शाझली शेजारच्या खोलीत चादर घालत होता, पाठमोरा, पांढरा कोट. मी मसा-अल-खैर म्हटलं, त्याने मान हलवली. मी आत आले. हातपाय धुतले. पिशवी कपाटात, गुंडाळ्यांच्या मागे सारली. पलंगावर टॉवेलचा हंस होता.”

“हंस?”

“हंस. लांब मानेचा. नंतर आलो तर मगर, म्हटलं शाझलीने बदलला असेल. मग खिडकीपाशी क्षणभर उभी राहिले. सूर्य अगदी पाण्याला टेकला होता, एक शिडाची होडी जात होती. म्हटलं, बरं झालं बाई, आलो. तेवढ्यात रिहाबचा फोन आला.”

अब्दुल-शकूर सावकाश उठला आणि त्याने दोनशे चौदाचा पडदा बाजूला केला. समोर हातभरावर दुसऱ्या बोटीची खिडकी होती, आणि तिच्या शेजारच्या खिडकीत कालचाच गृहस्थ आता दाढी करत होता.

“शाझली कोणत्या खोलीत होता म्हणालात?”

“ही इकडची. दोनशे सोळा.”

अब्दुल-शकूरने पडदा पुन्हा ओढून घेतला. काल सूर्य बुडताना दोनशे सोळाच्या पलंगावर दुसरं कोणी नव्हे, तो स्वतः पडला होता.

४

पावणेनऊ वाजले. लॉबीत शाझलीचे साबण अजून तसेच पडले होते आणि लोक त्यांना वळसा घालून चालत होते.

अब्दुल-शकूर आपल्याच बॅगांच्या डोंगराला टेकून उभा राहिला. डोकं नुसतं भणभणत होतं. हानम खोटं बोलत असेल, तर इतकं वेडगळ खोटं कोण बोलेल? चोरीचा आळ घ्यायचा तर माणूस म्हणेल, शाझलीला माझ्या खोलीत पाहिलं. शेजारच्या खोलीत कशाला पाहील? आणि हंस कशाला घालील, आणि होडी? बरं, ती खरं बोलत असेल, तर काल संध्याकाळी एका भरभक्कम बोटीने तिच्या खिडकीसमोरून पाच मिनिटं बाजूला होऊन तिला सूर्यास्त दाखवला, आणि शाझलीने एक हात गच्चीवर डफावर ठेवून दुसऱ्या हाताने अब्दुल-शकूरच्या अंगाखालची चादर बदलली. दोघंही खरं बोलत होते आणि त्यांचं खरं एका खोलीत मावत नव्हतं.

“काही लागलं हाताला?” इनायतने विचारलं.

“मी काल संध्याकाळी खोलीत होतो ना?”

“होतात. कण्हत होतात. मी घाटावर गेले तेव्हा अर्ध्या जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.”

तेवढ्यात दोन हमाल डोंगराच्या माथ्यावरच्या बॅगा उतरवू लागले. एकाने दुसऱ्याला म्हटलं, “उचल, आज बरं आहे. एकच बोट ओलांडायची. काल दुपारी दोन-दोन ओलांडून माझी कंबर गेली.”

अब्दुल-शकूर ताठ झाला.

“काय म्हणालास? काल दोन होत्या?”

“होत्या ना. घाटाला एक, मग दुसरी, मग आपली. साडेतीनला घाटाची बोट सुटली, आपण एक घर आत सरकलो. आता घाट, एक बोट, आपण. आपल्याबाहेर चारला ‘मर्जाना’ येऊन लागली.”

आस्वानच्या घाटावर बोटी अशाच एकीला एक खेटून बांधतात, दाराला दार लावून, आणि बाहेरच्या बोटीचे लोक आतल्या बोटींच्या लॉबींमधून ये-जा करतात. चार दिवसांत कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

“आणि ही ‘मर्जाना’ कशी आहे?”

हमाल हसला. “‘लुलिया’ची जुळी बहीण. एकाच मालकाच्या, एकाच साच्यातल्या. गालिचा तोच, दिवे तेच. मीच पहिल्या वर्षी कितीदा चुकलोय.”

अब्दुल-शकूर पायजमा सावरत जिना चढला. गुडघा त्या वेळी त्याला आठवलासुद्धा नाही.

“हानम, एकच विचारतो. काल घाटावरून एकट्या आलात, तेव्हा आपली बोट ओळखली कशी?”

हिकमत हानमला या प्रश्नाचा जरा रागच आला. “न ओळखायला काय झालं? जाताना मी नीट मोजलं होतं. दोन बोटी ओलांडायच्या, तिसरी आपली.”

५

साऱ्यांना लॉबीत गोळा करायची गरजच पडली नाही, सगळे तिथेच होते. नऊ वाजून गेले होते. रिफअत घड्याळाच्या काचेवर बोटाने टकटक करत होता.

“आमच्या खात्यात सगळ्यात अवघड पार्सल कोणतं, माहीत आहे?” अब्दुल-शकूर म्हणाला. “पत्ता चुकलेलं नाही, ते परत येतं. अवघड ते, ज्याच्यावर गल्ली बरोबर, घर बरोबर, नाव बरोबर, फक्त गाव दुसरं. टपालवाला ते अगदी बिनचूक नेऊन देतो, आणि मग ते जन्मात सापडत नाही.”

“हाजी, बस...”

“हानम काल खोली क्रमांक दोनशे चौदामध्येच गेल्या. मजला बरोबर, कपाट बरोबर. बोट दुसरी. जाताना आपण तिसरे होतो, त्या बाजारात असताना आपण दुसरे झालो, आणि तिसरी ‘मर्जाना’. त्यांनी मोजल्या तीन. आपल्या लॉबीतून त्या चालत पुढे गेल्या, आणि त्यांना हटकायला इथे कोणी नव्हतं, कारण उस्ताझ, तुम्ही सगळे गच्चीवर टाळ्या वाजवत होता.”

रिफअतचा हात घड्याळावरून खाली आला.

“पण खोली पाहून कळलं नसतं का?” कोणीतरी विचारलं.

“कशावरून कळणार? एरवी कळलं असतं. आपली बॅग, आपल्या चपला, खुर्चीवरचा आपला झगा. पण काल तीनला सगळं सामान बाहेर गेलं होतं. सामान गेलं की कोणाचीही खोली कोणाचीही होते. त्यांना रिकामी खोलीच दिसायला हवी होती, आणि ‘मर्जाना’वरची ती खोली नव्या प्रवाशांसाठी रिकामीच केलेली होती. तिथला माणूस शेजारी चादर घालत होता. तो हंस करतो, आपला शाझली मगर. तिथून नदी दिसते, कारण ती बोट सगळ्यात बाहेर आहे. हानमचा शब्द न् शब्द खरा आहे. आणि शाझलीचाही.”

रिहाब ऐकायला थांबलीच नव्हती. उघड्या दारातून ती ‘मर्जाना’त धावली होती आणि मागून रिफअत, तिथल्या माणसांना समजावायला. लॉबीत कोणी चहाचा पेलासुद्धा हलवला नाही. हिकमत हानम ओठ हलवत उभी होती आणि तिने इनायतचं मनगट इतकं आवळलं होतं की तिथे पांढरे वळ उठले.

रिहाब परत आली तेव्हा निळी पिशवी तिच्या छातीशी होती. पावडरचा डबा तिने आईच्या हातात दिला. हिकमतने तो हलवून पाहिला आणि आतला जड आवाज ऐकून ती मटकन बॅगेवर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने जीभ हलवत आनंदाची किलकारी सोडली, लग्नात सोडतात तशी.

“चला, चला,” रिफअत म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा ठणठणीत झाला होता. “हमदुलिल्लाह, सगळं छान झालं. बस उभी आहे. शाझली, हे आवर आणि हानमच्या बॅगा घे.”

शाझली चादरींच्या खोलीच्या दारात उभा होता. तो पुढे आला, पण आपल्या सांडलेल्या वस्तूंपाशी येऊन थांबला.

“मी नाही आवरणार, उस्ताझ,” तो म्हणाला.

“काय?”

“मी हे घरून नीट भरून आणलं नव्हतं, इथेच एकेक करून भरलं होतं. ज्याने ओतलं त्याने भरावं. एवढंच.”

तो चिडून बोलला नव्हता. चहा हवा का विचारतो त्याच आवाजात बोलला होता. रिफअत हसला, मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. हिकमत हानम डोळे पुसत उठली आणि म्हणाली, “शाझली, मी भरते. नाव मी घेतलं तुझं. चूक माझी आहे.”

“तुमची चूक मोजण्याची, हानम. तुम्ही बसा.”

“उशीर होतोय,” रिफअत म्हणाला. “नऊ पंचवीस झाले. गाडी चुकेल सगळ्यांची.”

अब्दुल-शकूरला एकदम फार राग आला, आणि त्या रागात त्याला बरंही वाटलं, कारण सकाळपासून पहिल्यांदाच त्याला काय करायचं ते स्वच्छ कळत होतं. त्याने डोंगरातून हाताला आली ती बॅग ओढली आणि पायजम्यासकट तिच्यावर ऐसपैस बसला.

“चुकू दे,” तो म्हणाला.

इनायत त्याच्या शेजारी बसली. तिने हँडबॅग मांडीवर घेतली आणि शेंगदाण्यांची पुडी सोडली. रिहाब जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. दाराशी पोचलेले दोन म्हातारे भाऊ मागे फिरले आणि त्यांनी आपल्या पिशव्या खाली ठेवल्या. ज्या बाईच्या बुटाशी तो टूथब्रश थांबला होता, तिने तो उचलला, रुमालाने पुसला आणि रिफअतसमोर धरला. बाहेर बसचा भोंगा वाजला. कोणी हललं नाही.

रिफअतने टूथब्रश घेतला. मग त्याने पँट गुडघ्यापाशी किंचित वर ओढली, फरशीवर उकिडवा बसला आणि कापडी बॅगेचं तोंड उघडलं. आधी सदरे घातले, त्यांत तो ब्रश गुंडाळला. मग एकेक साबण. लॉबीत फक्त वड्या एकमेकींवर पडल्याचा आवाज येत होता.

शाझली त्याच्या डोक्यापाशी उभा राहून बघत होता.

“शाम्पू आडवा ठेवू नका, उस्ताझ,” तो म्हणाला. “झाकण सैल आहे.”